स्वेच्छानिवृत्तीतली ‘स्वेच्छा’ कोणाची?

मागच्या व्याख्यानात आपण सवय आणि चारित्र्य यांचा संबंध पाहिला. आज तीच सवय घेऊन जरा खाली, म्हणजे पेन्शनच्या कागदापर्यंत उतरायचं आहे. तत्त्वज्ञानाला तिथे काय काम, असं कोणी विचारेल. आम्हाला वाटतं, भरपूर काम आहे.

महाराष्ट्र शासनाचा कर्मचारी 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो. आता एक माणूस असा धरा, की त्याची तब्येत उत्तम आहे, मुलं मार्गी लागली आहेत, गावी घर आहे. तो म्हणतो, बास झालं. दुसऱ्याला पंधरा वर्षांची साखर आहे, गुडघे गेले आहेत, आणि ऑफिसचे दोन जिने चढताना तो मध्ये थांबतो. तोही अर्ज लिहितो. दोघांचा फॉर्म एकच, आणि दोन्हींवर शब्द एकच: ‘स्वेच्छा’. पण पहिल्याने निवड केली. दुसऱ्याची निवड त्याच्या शरीराने आधीच करून टाकली होती, त्याने फक्त सही केली.

लगेच कोणी म्हणेल, ‘अहो, पण साखर झाली ती कोणामुळे? तंबाखू, गोड, बैठं काम, रात्रीचं जागरण. ज्याचं त्याने ओढवून घेतलं.’ हा आक्षेप जुना आहे आणि हलका नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तोच मांडला आहे. त्याचं म्हणणं असं, की बेफिकिरीने जगून आजारी पडलेल्या माणसाला आता इच्छा केली म्हणून बरं होता येणार नाही. पण आजारी न पडणं एके काळी त्याच्या हातात होतं. हातातून दगड सुटला की परत घेता येत नाही, मात्र तो भिरकावणं आपल्याच हातात होतं.

दगडाचा दृष्टांत सुंदर आहे. पण सवयीला तो नीट बसतो का? दगड एका क्षणात सुटतो, सवय सुटते पंचवीस-तीस वर्षं, रोज थोडी थोडी. तिशीत ओढलेल्या सिगारेटचा हिशेब पन्नाशीनंतर येतो, आणि मधल्या काळात काहीच बिघडलेलं दिसत नाही. शिवाय हात कोणी धरला होता, हेही बघावं लागतं.

एसटीच्या ड्रायव्हरचं आयुष्य बघा. पहाटेची गाडी, डबल ड्यूटी, मग मुक्कामी गाडी म्हणून कुठल्या तरी गावात, डासांत झोप. लघवीला थांबता येणार नाही म्हणून पाणी कमी प्यायचं. स्टँडवर जे तळलेलं मिळेल ते खायचं, आणि डोळा लागू नये म्हणून तोंडात तंबाखूचा बार. यातली जीवनशैली किती आणि ड्यूटीचा तक्ता किती, हे वेगळं करून दाखवा बरं! आम्हाला तर ‘जीवनशैली’ हा शब्दच जरा फसवा वाटतो. त्यात ‘शैली’ आहे, म्हणजे जणू माणसाने हौसेने निवडलेली.

याला पुरावा आहे. लंडनमध्ये 1967 साली ब्रिटिश सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो, आणि मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सगळे कचेरीतले, सगळ्यांना एकच सरकारी आरोग्यसेवा. तरी शिपाई-दरवानांच्या सगळ्यांत खालच्या वर्गात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघालं. खालच्या वर्गात धूम्रपान जास्त होतं, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे सगळं जमेस धरूनही त्या फरकाचा निम्म्याहून कमी भागच उलगडला. 1985 पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर आपला ताबा किती, याही गोष्टीचा हृदयविकाराशी संबंध दिसला. तेव्हा सवयींना दोष आहेच, पण सगळा त्यांच्या माथी मारता येत नाही.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. ‘अमका लवकर रिटायर झाला आणि दोन वर्षांत खचला, म्हणून काम सोडू नये,’ असं आपण सर्रास ऐकतो. काहींच्या बाबतीत ते खरं असेलही. पण लवकर निवृत्त होणाऱ्यांत आधीच आजारी असलेले बरेच असतात. मग निवृत्तीने तो खचला, की खचत होता म्हणून निवृत्त झाला? कारण आणि कार्य यांची अदलाबदल म्हणतात ती हीच.

फिनलंडमध्ये 1981 पासून पालिकांमधल्या वयस्क कामगारांचा पाठपुरावा झाला. तिथल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेत युहानी इल्मारिनेन आणि सहकाऱ्यांनी कार्यक्षमतेचा निर्देशांक तयार केला. पहिला प्रश्न अगदी साधा: तुमची आयुष्यातली सर्वोत्तम कार्यक्षमता 10 धरली, तर आज किती? पुढे त्यांनी कार्यक्षमतेचं चार मजली घर कल्पिलं. तळाशी आरोग्य, त्यावर कौशल्य, त्यावर मूल्यं आणि वृत्ती, सर्वांत वर खुद्द काम. वरचा मजला फार जड झाला तर खालचे दबणारच. माणसाला ‘चालायला जा’ म्हणून सांगायचं आणि कामाचा बोजा तसाच ठेवायचा, हे म्हणजे नुसत्या तळमजल्याला रंग देणं.

आपल्याकडे कायद्यात एक वाट आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. दिव्यांग हक्क कायदा, 2016, कलम 20. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. अर्थात प्रत्येक आजार म्हणजे कायद्यातलं दिव्यांगत्व नव्हे, आणि खासगी नोकरीला हे कलम असं लागू नाही. तरीही दृष्टी गेली किंवा पाय गेला म्हणून ज्याच्यापुढे ‘स्वेच्छेचा’ अर्ज सरकवला जातो, त्याने सही करण्याआधी हे कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

खासगी नोकरीतल्यांचे प्रश्न आलेले आहेत, ते पुढच्या वेळी घेऊ.