पोथीशेजारचे पोर आणि बालकल्याण समिती

बालदिनाच्या दुसऱ्याच दिवशी जनजातीय गौरव दिन येत असला, तरी आदिवासी मुलाचा विचार या दोन दिवसांच्या भाषणांत क्वचितच एकत्र होतो, आणि बालहक्कांच्या कायद्यातही तो झालेला नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार निराधार वा संकटातील बालकाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांच्या जिल्हास्तरीय मंडळापुढे, हजर करावे लागते. त्यांत किमान एक महिला असावी असे कायदा सांगतो, मुलाच्या जमातीतील कोणी असावे असे मात्र सांगत नाही. अमेरिकेच्या 1978 च्या कायद्याने मात्र आदिवासी मूल आधी नातलगांकडे, मग जमातीतील कुटुंबाकडे द्यावे असा क्रम घालून दिला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा 2023 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी कायम राखला.

सिंधुदुर्गात ही उणीव दुहेरी आहे, कारण हा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नसल्याने पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभेला मिळणारे विशेष अधिकार येथील कातकऱ्यांना (त्यांनाच या भागात वानरमारे म्हणतात) किंवा ठाकरांना मिळत नाहीत.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकरांची चित्रकथी या संदर्भात पाहण्याजोगी आहे. पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या कागदी चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. ती मांडीवर उभी धरून एकेक पान उलटत बाप कथा गातो आणि शेजारी पोर टाळ धरते, तेव्हा ते पोर शिकत असते की राबत असते? 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करण्यास मुभा देतो, म्हणून हे पोर सुटते खरे, पण ते 'मदतनीस' म्हणून. वारसा शिकणारे मूल म्हणून नव्हे. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम 30 मात्र आदिवासी मुलाला स्वतःची संस्कृती आणि भाषा जपण्याचा हक्क देते. वारशाच्या नावाखाली सारेच खपवावे असा याचा अर्थ नव्हे: 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याचे उघड झाले, तेथे सरकारी हस्तक्षेप व्हायलाच हवा होता, आणि तो फार उशिरा झाला. टाळ धरणारे पोर आणि वेठीला ठेवलेले पोर यांतील फरक ओळखण्यास वाडीवरचे जगणे ठाऊक असलेला माणूस समितीत लागतो. पात्रतेच्या अटी पुऱ्या करणारा आदिवासी सदस्य नेमण्यास सध्याच्या कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. नेमणुका राज्य सरकारच्या हातात आहेत आणि सिंधुदुर्गापासून सुरुवात करण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही.