फीखेरीज देणगी कां?

पाल्याची पूर्ण फी भरल्यावर पालकांनीं त्याच्या विश्वविद्यालयास आणखी देणगी कां द्यावी? अमेरिकेंतील नोटर डेम या कॅथलिक विश्वविद्यालयाच्या इतिहासांत आम्हांस या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. फादर एडवर्ड सोरिन यांनीं इंडियाना राज्यांत १८४२ सालीं तें स्थापिलें. ता. २३ एप्रिल १८७९ रोजीं त्याची मुख्य इमारत जळून खाक झाली. विद्यार्थ्यांस घरीं धाडावें लागलें. परंतु त्याच सप्टेंबरांत नव्या इमारतींत वर्ग पुनः भरले. ती इमारत आजही उभी आहे. मात्र तिची एक वीटही आज शिकणाऱ्यांच्या पालकांच्या पैशानें रचलेली नाहीं.

ज्ञान व शील हीं एकाच छत्राखालीं लाभावींत, या इच्छेनें पालक मुलांस अशा ठिकाणीं पाठवितात. परंतु निर्धन घरचा बुद्धिमान मुलगा फीअभावीं दारांतूनच परतला, तर आपल्या मुलाचाही एक चांगला सोबती हरपतो. शिष्यवृत्ति हाच त्यावर उपाय, आणि ती देणगीवांचून चालत नाहीं. वाचकहो, मागील पिढीचें ऋण तिला परत करतां येत नाहीं. पुढील पिढीसच तें फेडावें लागतें, असें आम्हांस वाटतें.