पॉवर बँक हातातल्या बॅगेतच

चाळीसगावकरांना विमान गाठायचे तर जळगाव, संभाजीनगर, नाहीतर रेल्वेने थेट मुंबई. बॅग मात्र घरीच भरली जाते आणि पॉवर बँक कपड्यांच्या घडीत जाते. ही बॅग विमानाच्या सामानकक्षात जाते; पॉवर बँक तिथे नकोच!

लिथियम बॅटरीत शॉर्टसर्किट झाले, की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. सामानकक्षात ती आग हाताने विझवता येत नाही. केबिनमध्ये कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करतात. म्हणून 100 वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत चालते. हिशेब सोपा आहे: 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले 1,000, म्हणजे 74 वॉट-तास.

जानेवारी 2025मध्ये दक्षिण कोरियातील बुसानला उभ्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग भडकली. संशय पॉवर बँकेवर गेला. म्हणून पॉवर बँक वरच्या कप्प्यात नको, जवळच ठेवा. फुगलेली असेल तर नेऊच नका.