नेट लावताय? आधी लाज सोडा!

ऑफिसात आपण सगळेच टेक्नोसॅव्ही! लॅपटॉप उघडला की नेट हजर, आणि नाहीच चाललं तर आयटीवाल्याला एक फोन. पण घरी स्वतःचं पहिलं कनेक्शन घ्यायची वेळ आली की आपली हुशारी उघडी पडते. माझी तर पार पडली.

कोथरूडला फ्लॅट भाड्यानं घेतला तेव्हा नेटवाल्यानं विचारलं, ‘ताई, प्लॅन कुठला?’ मी रुबाबात म्हटलं, ‘शंभर एमबीपीएस!’ म्हणजे नक्की काय, ते ठाऊक नव्हतं. पण मासकॉम केलेली मुलगी असले प्रश्न विचारणार कशी? ‘राऊटर कुठे बसवू?’ यावर मी हॉलच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं. वायरी दिसायला नकोत ना!

पंधरा दिवसांनी एका संपादकांशी व्हिडिओ कॉल होता. दरमहा सदर मिळणार होतं. बेडरूमचं दार लावून बसले आणि तिसऱ्याच मिनिटाला आवाज तुटायला लागला. मग कॉलच कट. सदर दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

संध्याकाळी नेटवाला आला, कपाट उघडून हसला. ‘ताई, याला तिजोरीत कोंडलंत होय?’ राऊटर बाहेरच्या फळीवर ठेवला आणि बेडरूममध्ये नेट सुसाट! मग मी चहा टाकला आणि म्हटलं, ‘दादा, आता अगदी पहिल्यापासून सांगा.’

एमबीपीएसचा फंडा : यातला ‘बी’ म्हणजे बिट. फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतात. अपलोड स्पीडही विचारा, कॉलवर तुमचा चेहरा त्याच वाटेनं जातो.

डबा आणि दिवे : फायबरमधून येतो प्रकाश. ओएनटी नावाचा डबा त्याचे विजेचे सिग्नल करतो, राऊटर ते वायफायनं घरभर पसरवतो. बरेचदा दोन्ही एकाच डब्यात असतात. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. सरळ कंपनीला फोन लावा.

जागा : घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर. लोखंड, आरसा, फिशटँक यांच्या आड नको. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब पोचतं, ५ गिगाहर्ट्‌झ वेगानं धावतं. पण भिंतींपुढे लवकर दमतं.

बिल : जाहिरातीतल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का? इन्स्टॉलेशन, डिपॉझिट किती? ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये किती जीबीनंतर स्पीड उतरतो?

पासवर्ड : वायफायचा आणि राऊटरच्या सेटिंगचा, दोन्ही पहिल्याच दिवशी बदला. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

आणि हो, वीज जाते? राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. डेडलाइनवाल्यांनी घ्याच.

खरं तर नेट आईच्या पोटातून कुणीच शिकून येत नाही. भारतात सर्वसामान्यांना ते मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. फोनच्या तारेवरचं डायलअप. नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज! सरकारच्या २००४च्या धोरणात तर २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३मध्ये ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणारी ती पिढी शेजारच्या खुर्चीवरच्याला बिनधास्त विचारायची, ‘अरे, हे ॲटॅचमेंट कसं करतात?’ लाजायची चैन परवडणारी नव्हती.

आपल्याला ती परवडते असं आपल्याला वाटतं. मला ती एका सदराला पडली.

परवा मैत्रिणीनं नव्या घरात नेट घेतलं. फोनवर म्हणाली, ‘माणूस आलाय, काय विचारू?’ म्हटलं, ‘आधी चहा टाक. मग सगळंच विचार!’