चार्जिंगची बॅटरी रात्री कुठे ठेवता?

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. वसईत एका घराच्या बैठकीच्या खोलीत ई-स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा एक मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. आजी थोडक्यात वाचली, पण मुलगा फार भाजला आणि आठवडाभरात रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. बॅटरी जास्त तापली असावी, असा पोलिसांचा पहिला अंदाज होता.

त्या घराने काही वेडेवाकडे केले नव्हते. दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री बॅटरी घरात आणून लावायची, हेच आपल्याकडेही चालते. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही औषधपाण्यासाठी न ठेवता या एका सवयीसाठी ठेवले आहे.

आधी आपापल्या घरातल्या लिथियम बॅटऱ्या मोजून पाहा. मोबाइल तर प्रत्येकाचा. त्याशिवाय पॉवर बँक, चार्जिंगचा टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर, ट्रिमर, पोट्ट्यांची रिमोटची गाडी, लग्नाचे शूटिंग करणाऱ्या पोराचा ड्रोन आणि त्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या. फवारणीचा पंप असेल तर त्यात बहुधा जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असते, पण आता काही पंप लिथियमचेही येतात, तेव्हा लेबल वाचून घ्यावे. इन्व्हर्टरची आणि बऱ्याच ई-रिक्षांची बॅटरी शिशाची असते. तिचा धोका वेगळा आहे, ती हवेशीर जागी ठेवायची एवढेच इथे सांगतो.

लिथियम बॅटरीच्या आत दोन थर असतात आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो, केसापेक्षाही पातळ. भोवती पेट घेणारे द्रव असते. बॅटरी जोरात आपटली, टोचली, चिरडली, गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली किंवा फार तापली की हा पडदा फाटतो किंवा वितळतो. मग दोन्ही थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात आणि काही सेकंदांत एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. एकदा हे चक्र सुरू झाले की चार्जरची पिन काढूनही ते थांबत नाही.

आग लागली की शेजारीपाजारी नशिबाला, नाहीतर कोणाच्या नजरेला दोष देतात. आपण तथागतांच्या धम्माची माणसे. हे असले की ते होते, कारण काढून टाकले की परिणामही जातो, हे आपण विहारात ऐकतो. बॅटरीच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे, आणि यातली बरीच कारणे पैसे न खर्च करता काढता येतात.

पहिले कारण आपल्या वऱ्हाडाचे ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले होते. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे बनवणारेच सांगतात, आणि वैशाखातल्या दुपारी टिनाच्या छपराखाली ४५ अंश काही दूर नसतात. त्यामुळे उन्हातून आलेली गाडी किंवा बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या, हाताला गार लागली की लावा. दुपारी टिनाखाली काही चार्ज करूच नका. खिडकीच्या उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर पॉवर बँक ठेवू नका.

दुसरे कारण चार्जर. मूळ चार्जर बिघडला की बाजारातून पिन बसणारा कोणताही स्वस्त चार्जर आणला जातो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही. स्कूटरचा चार्जर त्याच बॅटरीचा, त्याच व्होल्टचा असावा. मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो खरा की खोटा हे ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपवर कळते. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला एवढे एक काम सांगा, ती दोन मिनिटांत करून दाखवेल. जुनी ई-स्कूटर घेत असाल तर ती कोणत्या साली बनली हेही विचारा. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याआधीच्या बॅटरीला ते लागू नव्हते.

आता पोरांच्या छंदाविषयी. आयटीआयची, पॉलिटेक्निकची आपली मुले जुन्या लॅपटॉपमधले गोल सेल काढून पॉवर बँक बनवतात, रिमोटची विमाने उडवतात. त्यांच्यावर ओरडू नका, असे हात चालवणारी पोरे आपल्याला हवीच आहेत. पण नवे-जुने सेल एकत्र जोडू नयेत, सेलवर थेट कावीया टेकवून डाग देऊ नये, आणि चार्ज थांबवणारी संरक्षक पट्टी, जिला ते बीएमएस म्हणतात, ती लावल्याशिवाय पॅक वापरू नये. विमान आणि ड्रोनच्या चपट्या मऊ बॅटऱ्या सर्वात नाजूक, कारण त्यांना कडक कवच नसते. काम झाले की त्या पूर्ण भरून ठेवू नयेत आणि पूर्ण रिकाम्याही नाही. निम्म्या चार्जवर, म्हणजे दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवाव्यात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि त्यात आगीला पुरवायला ऊर्जाही जास्त असते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे खिळा किंवा किल्ली लागून शॉर्ट होणार नाही. ठेवायला महागडी पिशवी लागत नाही. तळाशी कोरडी वाळू घातलेले जुने मडके चालते. पत्र्याचा डबा घ्यायचा तर झाकण नुसते वर ठेवा. घट्ट बंद डब्यात वायू कोंडला तर डबाच फुटतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जागा. फ्रेजरपुरा असो की अकोट फैल, दाट वस्तीतल्या पुष्कळ घरांना एकच खोली आणि एकच दार असते. सॉकेट बहुधा दाराजवळ, म्हणून स्कूटरची बॅटरीही दाराजवळच ठेवली जाते. आग तिथे लागली तर आतली माणसे कोंडली जातात. झोपलेली माणसे आणि दार यांच्या मध्ये चार्जिंगची बॅटरी कधीही नको. ओट्यावर किंवा अंगणात सावलीत, भिंतीला लागून, मोकळ्या फरशीवर लावता आली तर सर्वात चांगले. चोरीची भीती असते हे आम्हाला माहीत आहे. मग रात्रीऐवजी संध्याकाळी, स्वयंपाक-जेवणाच्या वेळी सगळे जागे असताना लावा आणि झोपण्यापूर्वी पिन काढा. गादी, गोधडी, कुलरच्या गवताच्या ताट्या, सिलिंडर यांच्यापासून ती दूर असावी. आणि मोबाइल उशीखाली चार्ज करणे आजपासून बंद.

धुराचे एक उदाहरण देतो. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादच्या एका लॉजच्या इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या ई-स्कूटर शोरूमला आग लागली. वरच्या मजल्यांवर धूर भरला आणि आठ जण दगावले. बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसे जाळणारे हायड्रोजन फ्लोराइड असते. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरातही २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ जण गेले. तिथेही घरपोच जेवण पोचवणारे कामगार लहानशा घरात सायकलची बॅटरी रात्रभर चार्ज करतात. आपल्या वस्तीतली पोरे आता हेच काम करतात.

बॅटरी बिघडत आली की खुणा देते. फुगते, मोबाइलची पाठ किंवा पडदा वर उचलला जातो, गोडसर उग्र वास येतो, चार्ज करताना हात लावता येत नाही इतकी तापते. फुगलेली बॅटरी दाबू नका, सुईने टोचून हवा काढू नका. चार्ज करणे लगेच बंद करा आणि घराबाहेर सावलीत, मातीवर किंवा वाळूवर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना ती पेटते, आणि भंगार निवडणारे हात बहुतेक वेळा आपल्याच मायबहिणींचे असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा जिथून गाडी किंवा मोबाइल घेतला तिथे ती परत घ्या म्हणून ठामपणे सांगा.

बॅटरीतून सूं सूं आवाज आला किंवा पांढरा धूर निघाला तर ती उचलून बाहेर फेकायला जाऊ नका. मुले आणि म्हातारी माणसे आधी बाहेर काढा, जमल्यास मेन स्विच बंद करा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. गल्लीत अग्निशमनची गाडी शिरत नसेल तर वळणावर एक माणूस उभा करा. लिथियमवर पाणी टाकू नये असे काही जण सांगतात. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरे आहे. मोबाइल-स्कूटरच्या बॅटरीला थंड करायला पाणीच लागते, आणि तेही भरपूर. मेन बंद असेल आणि आग लहान असेल तर दुरून बादल्या ओता. उन्हाळ्यात आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा एक ड्रम कायम भरलेला असावा. आग विझल्यावरही ती बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिला घरात आणू नका.

कोणी भाजलेच तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे पाणी सोडा. अंगठ्या, बांगड्या, करदोडा सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यातले काहीही लावायचे नाही. स्वच्छ सुती कापड सैल झाका आणि १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. अंगावर एकही फोड नसला तरी धुरात सापडलेल्या माणसाचा आवाज घोगरा झाला, खोकला थांबत नसला किंवा नाकात काजळी दिसली, तर त्यालाही त्याच रात्री दवाखान्यात न्या. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उशिरा वाढतो.