पायधुनीचे पाणी आणि आपला माल

खरेदीसाठी मुंबईला जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील कापड व्यापाऱ्यांना पायधुनी व उमरखाडी ही नावे पाठ आहेत. परंतु त्यांचा अर्थ फार थोडे बंधू ध्यानात घेतात. खाडी ओलांडून आलेला माणूस जेथे पाय धूत असे ती पायधुनी. उमरखाडी तर नावानेच खाडी. मुंबई ही मुळात कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम अशी सात लहान बेटे होती. (उर्दू शाळेत आम्ही बेटाला जझीरा म्हणत असू, मुरूडचा जंजिरा म्हणजे तोच शब्द.) १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबी याच्या बांधाने वरळीजवळचे खिंडार बुजले. पुढे भराव पडत गेले. बेटे नाहीशी झाली, पण खोलगट जागा खोलगटच राहिल्या. परळला हिंदमातापाशी पाणी का साचते, याचे उत्तर येथेच आहे. मालदीवने १९९७ पासून भरावाने उभारलेले हुलहुमाले बेट समुद्रापेक्षा सुमारे दोन मीटर उंच ठेवले आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस मी विसरू शकत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही नाही. माझ्या गाठी कुर्ल्यात एका गोदामाच्या तळमजल्यावर होत्या. मिठी नदी पात्र सोडून आत आली. रंगीत लुगड्यांचा रंग मांजरपाटात उतरला. विम्याच्या कागदात आग होती, पूर नव्हता. ती उधारी फेडायला मला दोन वर्षे लागली.

मिठी माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठची तिवरे तोडून भराव झाले, मग भरतीच्या वेळी पाण्याने जावे कोठे? १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने पावसाळी गटारांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटर करण्यास सांगितले होते. त्याला खरा वेग २००५ च्या नुकसानीनंतरच आला. हाजी अली, लव्ह ग्रोव्ह येथे पंप बसले, हिंदमाताचे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली टाक्या झाल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविली आणि २०१२ मध्ये शासनाने कांदळवन कक्ष स्थापन केला. माझ्या मते यात सर्वांत स्वस्त सौदा तिवरांचाच. पंपाला वीज लागते, तिवरांना फक्त जागा सोडावी लागते.

हे मुंबईचेच दुखणे समजू नये. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. समुद्रापासून इतक्या दूरचे गाव बेट झाले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. तरीही आपल्या गावांत नाल्याच्या पात्रात दुकानांचे गाळे उभे राहतात, आणि ते घेणारे आपणच व्यापारी असतो.

मुंबईचा माल ३१ मेपर्यंत उचलायचा असा माझा अनेक वर्षांचा नियम होता. २६ मे २०२५ रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोचला आणि वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. आता मी १५ मे ही तारीख धरली आहे. आडत्याला पहिला प्रश्नही भावाचा नसतो. गोदाम कोणत्या मजल्यावर, हा असतो.