डोक्याखालील प्रतिष्ठा, अक्षरे दोन

दवाखान्यात चिठ्ठ्या लिहून देण्याचे काम माझे. परंतु काही वर्षे दर सोमवारी एक चिठ्ठी मलाच मिळत असे. देणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वय ७८, मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही जुने सोबती. चिठ्ठीवर एकच ओळ असे. रक्तदाब मोजून होईपर्यंत तिचे उत्तर द्यायचे, हा त्यांचा नियम. एकदा ओळ होती : ‘डोक्याखालील प्रतिष्ठा (२)’. मला उत्तर आले नाही.

“मान, डॉक्टर,” ते म्हणाले. “गेले तीन आठवडे दुखते म्हणून तुमच्याकडे येतो आहे, तीच.”

रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रातील गूढ शब्दकोडे हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. पत्नीला इंग्रजी कोड्यात रस नव्हता, म्हणून त्याच धर्तीच्या मराठी ओळी ते तिच्यासाठी रचत आणि उरलेली एखादी माझ्या वाट्याला येई.

साधे शब्दकोडे आपली माहिती तपासते. ‘एक तेलबी, अक्षरे तीन’ असे विचारले की तीळ, जवस, करडई असे मनात चाळायचे. गूढ कोड्यातील प्रत्येक ओळीत मात्र उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात त्याच शब्दाची अक्षरे कशी जुळवायची याची सांकेतिक कृती. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या की उत्तर बरोबर; पडताळा ओळीतच असतो.

‘आज वसतिगृहात दडलेली तेलबी (३)’ ही ओळ पाहा. वसतिगृहात काय दडले असेल, या विचारात आपण अडकतो. ‘दडलेली’ हा शब्द खरे तर अक्षरांविषयी आहे. ‘आज वसतिगृहात’ ही अक्षरे सलग वाचा. मधोमध ‘जवस’ सापडेल. ‘परत फिरलेली नदी गरीब (२)’ म्हणजे नदी उलटी वाचायची : दीन. ‘गोंधळात हजर झालेले विष (३)’ यात ‘गोंधळ’ हा अक्षरे विस्कटण्याचा इशारा. ‘हजर’ची अक्षरे हलवली की ‘जहर’ मिळते. ‘मान’ची ओळ चौथ्या प्रकारची, शुद्ध श्लेषाची : डोक्याखालचा अवयव आणि प्रतिष्ठा, दोन अर्थ आणि एक शब्द. इंग्रजीत अक्षरे सुटी असल्याने असे खेळ अधिक मुक्तपणे करता येतात. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’, म्हणजे ऐकणे आणि गप्प असणे, हे दोन्ही शब्द त्या भाषेत त्याच सहा अक्षरांचे आहेत. डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली ठेवावी अशी ही जोडी आहे. मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटून येतात, त्यामुळे रचणाऱ्याची कसोटी लागते. तरी उखाणे, हुमाणे आणि श्लेष यांवर पोसलेल्या आपल्या भाषेला हा खेळ परका वाटू नये.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले. त्याला गूढ वळण दिले ते इंग्रजांनी. तिथल्या जुन्या कोडेकारांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले : सोडवणाऱ्याला चकवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये. ओळीतला प्रत्येक शब्द अखेरीस प्रामाणिक ठरला पाहिजे. या नियमाकडे मला पुढे परत यावे लागणार आहे.

“कोडी सोडवल्याने विस्मरणाचा आजार टळतो का?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. टळतो, असे मी सांगत नाही. अमेरिकेत स्मरणशक्तीची सौम्य घट झालेल्या १०७ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूच्या व्यायामासाठी बनवलेले संगणकी खेळ. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोड्यांचा गट थोडा सरस ठरला. परंतु दोन्हींपैकी काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, हे विसरून चालणार नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९३६ साली जन्मलेल्या सुमारे ५०० जणांच्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. बुद्धीला ताण देणाऱ्या गोष्टींत आयुष्यभर रमणाऱ्यांची बौद्धिक पातळी मुळात वरची असते. उतार मात्र इतरांइतकाच असतो. म्हणजे उंचावरून उतरायला सुरुवात होते, एवढेच. ज्यांना कोडी आवडत नाहीत त्यांच्या हाती ती औषधासारखी देऊ नयेत. चालणे, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र लावणे आणि माणसांत बसणे यांचे मोल अधिक आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी कोड्याचा उपयोग निराळा आहे. रोज कोडे सोडवणाऱ्या माणसाचा कागद त्याच्या प्रकृतीविषयी बरेच सांगतो. अक्षरे चौकटीबाहेर जाऊ लागली तर मोतीबिंदूची तपासणी करावी. काही महिन्यांत उत्तरे उणावत गेली, त्यातच मन लागेनासे झाले, तर त्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य ही कारणे शोधता येतात व त्यांवर इलाजही होतो. परंतु काल नीट बोलणाऱ्या माणसाला आज अचानक शब्द सापडत नसतील, तोंड एका बाजूला ओढले गेले असेल, हातातून पेन गळत असेल, तर मला फोन करण्यातही वेळ दवडू नये. थेट मेंदूच्या झटक्यावर उपचार होणाऱ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि एक छोटी विनंती : त्यांच्या चौकटीतली रिकामी घरे आपण होऊन भरू नयेत. थांबावे. शब्द येतो.

आमच्या गृहस्थांची उत्तरे कधी चुकली नाहीत. वजन मात्र उतरू लागले. तपासणीत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पसरलेला. मुलाने मला बाहेर बोलावून हात जोडले. “बाबांना सांगू नका. ते खचतील.” मी मान हलवली. तीस वर्षांच्या व्यवसायात ती मी पुष्कळदा हलवली आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असे काही नाही. अहवालाचे पाकीट कपाटात गेले, ‘पित्ताशयाला सूज’ असे ठरले, परदेशातील मुलगी कारण न सांगता येऊन दाखल झाली. सांगावे की न सांगावे यावरून बहीणभावांत स्वयंपाकघरात दबक्या आवाजात वाद सुरू झाला.

तीन आठवड्यांनी मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी सर्वांना खोलीत बोलावले. “एवढ्या सूचना तुम्ही दिल्यात,” ते म्हणाले, “आणि उत्तर सुटणार नाही असे समजलात? राशीतला चौथा आहे ना?” मेष, वृषभ, मिथुन, कर्क. मुलगी रडू लागली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “चकवलेत ते ठीक. खोटे बोलायला नको होते.”

त्या दिवशी मला त्यांना अरॉकेरियाची हकिकत सांगता आली असती. ती त्यांना माझ्याआधी ठाऊक होती. आपल्याकडे नाताळाचे झाड म्हणून कुंडीत लावतात त्या कुळाचे हे नाव इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम यांनी कोडी रचण्यासाठी घेतले होते. ‘गार्डियन’ पत्रात १९५८पासून ते कोडी देत. जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांच्या एका कोड्यावर अशी टीप होती की अरॉकेरियाला अमुक क्रमांकाचा तमुक झाला असून तमुक क्रमांकाचे उपचार चालू आहेत. सोडवणाऱ्यांना उत्तरे मिळाली : कर्करोग, अन्ननलिका, पॅलिएटिव्ह केअर. आसपासच्या चौकटींत परिचारिका, एंडोस्कोपी, अन्ननलिकेत बसवायची स्टेंट आणि सूर्यास्तही होता. आपला आजार त्यांनी स्वतः, आपल्या भाषेत, आपल्या माणसांना सांगितला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. तोवर कोडी रचणे चालू होते.

प्रत्येक रुग्णाला सारे जाणून घ्यायचे असते असे नाही. नको म्हणण्याचाही त्याला अधिकार आहे. म्हणून आता मी नातेवाइकांशी बोलण्याआधी रुग्णालाच विचारतो : तपासणीत जे निघेल ते तुम्हाला किती आणि कोणासमोर सांगू? बहुतेकांकडे उत्तर तयार असते. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार थांबवणे नव्हे, हेही तेव्हाच सांगतो. वेदना, मळमळ, झोप, भीती यांवर होणारे तेही उपचारच. आमच्या गृहस्थांना मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणे आटोक्यात आल्यावर पुन्हा कोडे हातात धरता आले. अहवालाचे पाकीट त्यांनी कपाटातून मागवून घेतले आणि त्याच्या पाठीवर मुलांसाठी ओळ लिहिली : ‘उलटलेला वाद औषध ठरतो (२)’. मुलीने ती सोडवली : दवा. पुढले सात महिने ते घरीच होते. रविवारचे कोडे मुलगा मोठ्याने वाचून दाखवी, ते डोळे मिटून उत्तर सांगत.

ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी रक्तदाब तपासायला आल्या. मी पट्टा बांधत असताना त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अक्षर त्यांचे स्वतःचे होते : ‘जवळ चौघे आले की इलाज (४)’.

“मी रचलेली पहिलीच,” त्या म्हणाल्या.

रक्तदाब १४०/८० भरला. उत्तर मला तोवर आले होते. वाचकांसाठी ते येथे देत नाही. अडलेच, तर पहिल्या दोन अक्षरांसाठी ‘उपनगर’ हा शब्द आठवावा.